‘परवडत नसावं’ म्हणणाऱ्या वाचकास: अटलांटिक सिटीतल्या जेवणाबद्दल पुन्हा एकदा

‘चोखंदळ’ या नावाने प्रतिक्रिया देणाऱ्या वाचकांस,

नमस्कार. ‘अटलांटिक सिटीत जेवायचं कुठे?’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. मधल्या वेळात शांत झोप लागली असं काही म्हणणार नाही.

बाकीच्यांना वरखाली शोधत बसायला नको, म्हणून आधी थोडक्यात सांगते. अटलांटिक सिटी म्हणजे अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातलं, समुद्रकाठचं कॅसिनोंचं शहर. माझ्या लेखाचा सूर असा होता की या शहरात कॅसिनोच्या आत जेवू नका. समुद्राकडे पाठ करा, बोर्डवॉक (किनाऱ्यालगतचा लाकडी फळ्यांचा रस्ता) सोडून तीन रस्ते आत चला, शहराचं जेवण तिकडे आहे. त्यावर तुमचे आक्षेप पाच. डॉक्स ऑयस्टर हाउस या जुन्या उपाहारगृहाचं साल चुकलंय. रात्री बायकापोरांना घेऊन त्या रस्त्यांवरून जा म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. शाकाहारी माणसासाठी लेखात काही नाही. व्हाइट हाउस सब शॉपची (‘सब’ म्हणजे लांब पावाचं भरलेलं सँडविच) शाखा हार्ड रॉक कॅसिनोतच आहे, मग बाहेर कशाला मरायला जायचं (शब्द तुमचे). आणि शेवटी, डोळा मारणाऱ्या चेहऱ्यासकट: “लेखक महाशयांना कॅसिनोतलं परवडत नसावं म्हणून सँडविचचं एवढं कौतुक, आम्ही तर एक सेंटही न देता स्टेक खाऊन आलो.”

साल चुकलं, मान्य. डॉक्स १८९७चं आहे, मी १८७९ लिहिलं. आकडे उलटे पडले. लेखात दुरुस्ती केली आहे आणि तुमचे आभारही मानते. चूक दाखवली की मी मान्य करते, हे नेहमीचे वाचक जाणतात.

आता ‘महाशय’. ब्लॉगच्या डाव्या कोपऱ्यात माझा फोटो आहे. नाकात नथ आहे. असो.

‘परवडत नसावं’ यावर मात्र बोलावंच लागेल. तुम्ही लेख सँडविचपर्यंतच वाचलात का? कारण त्याच्या खाली, उत्तरार्धात, मी डॉक्सबद्दल आणि नाइफ अँड फोर्क इनबद्दल चांगले चार परिच्छेद लिहिले आहेत. नाइफ अँड फोर्क १९१२ साली सुरू झालं ते शहरातल्या बड्या पुरुषांचा खाजगी क्लब म्हणून. २००५मध्ये ते डॉक्सच्याच डॉहर्टी कुटुंबाने घेतलं. या दोन्ही जागा स्वस्त नाहीत. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला आम्ही डॉक्समध्ये जेवलो, आणि बिल बघून यजमान गाडी पार्कवेला लागेपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. सांगायचं एवढंच की महागडं खाल्लं नाही म्हणून मी स्वस्ताचं गुणगान करते, हा तर्क माझ्याच लेखावर टिकत नाही.

आणि सँडविच खाणारा माणूस गरीबच असतो हे कुठून आलं? १९६४च्या ऑगस्टमध्ये बीटल्स इथल्या कन्व्हेन्शन हॉलमध्ये गायला आले होते. तेव्हाचा त्यांचा भल्यामोठ्या व्हाइट हाउस सबबरोबरचा फोटो प्रसिद्ध आहे. त्या चौघांनाही परवडत नसावं बहुतेक.

राहता राहिलं ‘एक सेंटही न देता’. हे वाक्य वाचून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, हे कबूल करते. का झोंबल्या तेही सांगते.

१९९८ ते २००३ आम्ही अॅब्सिकनला राहत होतो. खाडीच्या अलीकडचं गाव, कॅसिनोत काम करणाऱ्यांच्या वस्तीचं. यजमान एका कॅसिनोच्या हिशेब खात्यात होते, आणि ग्रीन कार्ड आल्यावर मी चौदा महिने एका कॅसिनोच्या बुफेच्या गल्ल्यावर बसले. दोन्ही ठिकाणांची नावं घेत नाही, कारण नसताना वाद नको. डोंबिवलीत बँकेच्या परीक्षा दिलेली मी, आणि इथे दुपारी चार ते रात्री बारा लोकांची कूपनं फाडत होते. तेव्हा स्लॉट मशीनमध्ये अजून खरी नाणी चालायची. लोक प्लॅस्टिकच्या मोठ्या पेल्यात नाणी घेऊन फिरायचे आणि तासादोन तासांत त्यांची बोटं कोळसा हाताळल्यासारखी काळी व्हायची. म्हणून माझ्या गल्ल्याशेजारी ओल्या कागदी रुमालांची टोपली असायची. न्यूयॉर्कहून बसने येणाऱ्या म्हाताऱ्या बायका आधी एकेक बोट निगुतीने पुसायच्या, मग बसच्या तिकिटाबरोबर मिळालेलं कूपन पुढे करायच्या. त्यातल्या एक चिनी आजी दर मंगळवारी यायच्या. बुफेतले दोन पाव रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या. मी दुसरीकडे बघायचे. कूपन ‘फुकट’ होतं. टोपलीतले काळे रुमाल दिवसाच्या शेवटी मीच फेकायचे, त्यामुळे त्या फुकटाचा हिशेब मला शिकवू नका.

तो हिशेब घरी यजमानांनी एका रविवारी वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला होता. कॅसिनो तुम्हाला जेवण देतो (तिकडे त्याला सगळे ‘कॉम्प’ म्हणतात), ते तुम्ही हरलात की जिंकलात हे बघून नाही. तुम्ही किती लावता, किती वेळ बसता आणि त्या खेळात कॅसिनोचा वाटा किती, यावरून तुमच्याकडून किती सुटायला हवेत ते काढतात आणि त्यातला काही भाग जेवणाच्या रूपाने परत करतात. समजा तुम्ही रुलेटवर, म्हणजे फिरत्या चाकाच्या जुगारावर, दर फेरीला १० डॉलर लावलेत. तासाला ४० फेऱ्या धरल्या तर चार तासांत १,६०० डॉलर टेबलावरून फिरले. अमेरिकी चाकात एक शून्य आणि एक दुहेरी शून्य धरून खाचा ३८ आणि बरोबर आकड्याला पैसे मात्र एकास पस्तीस. म्हणजे कॅसिनोचा वाटा ५.२६ टक्के. १,६०० डॉलरवर झाले ८४ डॉलर. कॅसिनोच्या वहीत तुमचा भाव हा. त्या संध्याकाळी तुम्ही प्रत्यक्षात जिंकला असाल, हरला असाल, मला काय ठाऊक! पण तुमच्या स्टेकचे पैसे कोणीतरी टेबलावर मोजले आहेत. तुम्ही नाही तर शेजारच्या खुर्चीवरच्याने. आयजीच्या जिवावर बायजी उदार, एवढाच त्याचा अर्थ.

आणि आता मला खरंच एक विचारायचंय. एक सेंटही नाही? म्हणजे टिपसुद्धा नाही?

कॉम्पच्या जेवणाचं बिल कसं येतं, तुम्ही पाहिलं असेलच. रक्कम छापलेली असते, ती कापलेली असते, खाली सहीची रेघ आणि त्याच्या वर टिपची रेघ. बुफेत पेयं आणून देणाऱ्या माझ्या मैत्रिणी ती चिठ्ठी उचलताना आधी सही बघत नसत, वरची रेघ बघत. टिपवर काम करणाऱ्याचा केंद्रीय किमान पगार १९९१पासून तासाला २ डॉलर १३ सेंट आहे. न्यू जर्सीने आपला दर पुढे वाढवला, पण मी तिथे होते तेव्हा नव्हता वाढवला. जेवण कॅसिनोने दिलं असेल, पण ताट तर माणसानेच आणलं ना? तुम्ही टिप ठेवली असेल आणि प्रतिक्रियेच्या भरात ‘एक सेंटही’ लिहून गेला असाल, तर मी हा परिच्छेद मागे घेते. नसेल ठेवली तर तुमचं टोपणनाव बदला.

जरा जास्त झालं. पण राहू दे, खोडत नाही.

आमचं स्वतःचं जेवण म्हणाल तर कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये फुकट मिळायचं. पोट भरायचं. पण बाराला शिफ्ट संपली की आम्ही चौघीजणी अटलांटिक अव्हेन्यूवरच्या टोनीज बॉल्टिमोर ग्रिलमध्ये जायचो, कारण पिझ्झा खाताना तिथे कोणी आमच्याकडे आशेने बघत नसे. १९२७पासूनची जागा. तेव्हा कार्ड चालायचं नाही, म्हणून चौघींच्या टिपमधल्या एकेक डॉलरच्या नोटा टेबलावर जमा व्हायच्या. शेजारच्या टेबलावर पत्ते वाटणारे डीलर, त्यांच्या पलीकडे हॉटेलच्या खोल्या झाडणाऱ्या बायका. शहर चालवणारी माणसं रात्री जिथे जेवतात तिथे जेवा, असं मी लेखात लिहिलं ते यावरून. पुस्तकातून उचललेलं नाही.

उरलेले मुद्दे पटकन घेते.

रात्रीच्या सुरक्षिततेबद्दल: चौदा महिने मध्यरात्री त्या रस्त्यांवरून मी गेले-आले, मला काही झालं नाही. भीती वाटत असेल तर पॅसिफिक अव्हेन्यूवरून जिटनी घ्या. या छोट्या बसगाड्या १९१५पासून धावताहेत. पॅसिफिकपासून व्हाइट हाउसची आर्क्टिक अव्हेन्यू दोन रस्ते. मोनोपॉलीच्या पटावर पॅसिफिक, अटलांटिक, बॉल्टिक अशी याच शहरातली नावं आहेत, आर्क्टिक मात्र नाही. म्हणून तुम्हाला ती परकी वाटत असेल.

शाकाहाराबद्दल: माझी आई पूर्ण शाकाहारी आहे आणि दोनदा अटलांटिक सिटीला येऊन उपाशी परत गेलेली नाही. टोनीजचा साधा चीज पिझ्झा आहे. शहरात बांगलादेशी मंडळींची मोठी वस्ती आहे, कितीतरी जण कॅसिनोतच कामाला, त्यांच्याकडे डाळभात मिळतो. सवडीने स्वतंत्र लेख लिहीन. प्रत्येक लेखात प्रत्येकाचं पथ्य सांभाळता येत नाही.

हार्ड रॉकमधल्या शाखेबद्दल: शाखा आहे, मला माहीत होतं, लेखात मुद्दाम लिहिलं नाही. त्या इमारतीचीच कुंडली बघा. १९९०मध्ये ट्रम्प ताजमहाल म्हणून उघडली, २०१६मध्ये बंद पडली, २०१८मध्ये हार्ड रॉक होऊन परत उघडली. २०१४ या एका वर्षात शहरातले चार कॅसिनो बंद झाले. त्यात रेव्हेल होता, २४० कोटी डॉलर खर्चून २०१२मध्ये उघडलेला, पुरती अडीच वर्षंही चालला नाही. नामांकित शेफ, नामांकित हॉटेलं, सगळ्यांना एकाच सप्टेंबरात कुलूप. अॅब्सिकनची आमची जुनी शेजारीण त्या वर्षी एका कॅसिनोच्या स्वयंपाकघरातून घरी बसली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. कॅसिनोतलं उपाहारगृह कितीही चांगलं असलं तरी त्याचा श्वास दुसऱ्याच्या नाकातून चालतो. व्हाइट हाउसचं मूळ दुकान १९४६पासून मिसिसिपी आणि आर्क्टिकच्या त्याच कोपऱ्यावर आहे.

आणि पावाचं सांगायचं राहिलंच. रस्त्यापलीकडे फॉर्मिका ब्रदर्सची बेकरी आहे, १९१९ची. व्हाइट हाउसचा पाव तिथलाच. वरचा पापुद्रा दातांखाली करकरतो आणि आत मऊ, ओढला तर तुटायला जरा वेळ घेणारा. सब बांधून देतात तो कागद गाडीपर्यंत जाईतो तेलाने पारदर्शक होतो. दुपारी उन्हात, गाडीच्या बॉनेटवर तो कागद पसरून आम्ही खाल्लेला आहे. यजमानांच्या ऑफिसच्या शर्टावर मिरचीच्या तेलाचा एक डाग होता, तो शर्ट गेला तरी गेला नाही. हार्ड रॉकच्या गालिचावर उभं राहून हे होत नाही. तुम्ही म्हणाल हे भावनेचं झालं. मग तसं समजा.

यजमानांचं मत होतं की तुमची प्रतिक्रिया उडवून टाकावी. मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. मुलीने हे उत्तर वाचलं आणि म्हणाली, “आई, त्यांनी पाच वाक्यं लिहिली होती.” तिला म्हटलं, पाचवं मोठं होतं.

पुढच्या वेळी गेलात तर व्हाइट हाउसला अर्धाच सब मागवा, अख्खा दोन फुटांच्या आसपास असतो आणि दोघांना पुरून उरतो. काउंटरवरचा माणूस तिखट मिरच्या घालू का विचारेल. हो म्हणा. आणि टिपचं भांडं गल्ल्याशेजारी असतं.