पालकातलं कॅडमियम उपग्रहाला दिसतं का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं योग्य वाटलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो. विषय असा: नाल्याच्या सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीतले कॅडमियम, शिसं यांसारखे जड धातू उपग्रहाच्या चित्रांवरून शोधता येतात का. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: उपग्रहाला धातू दिसत नाही, फक्त पिवळेपणा दिसतो. तो नत्राच्या कमतरतेनंही येतो. आपल्याकडे नाल्याकाठच्या पालेभाजीचे तुकडे दोन-चार गुंठ्यांचे असतात, त्यात उपग्रहाच्या चित्रातला २० मीटरचा पिक्सेल, म्हणजे एक ठिपका, काय मोजणार? आणि ०.९ च्या वरचे आर-वर्ग (अंदाज प्रत्यक्ष मोजमापाशी किती जुळतो ते सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणं) कुंड्यांतल्या प्रयोगांचे असतात. म्हणून हे सगळं सोडून थेट माती आणि पानं प्रयोगशाळेत पाठवावीत, असं तुमचं म्हणणं.

पहिला आक्षेप बरोबर आहे, आणि तुम्ही मांडलात त्याहून तो गंभीर आहे. किलोमागे काही मिलिग्रॅम कॅडमियमची किंवा शिशाची स्वतःची खूण पानाच्या वर्णपटात, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबीच्या परावर्तित प्रकाशात, उमटत नाही. उमटतो तो झाडाचा प्रतिसाद. लोहाचं शोषण बिघडतं, हरितद्रव्य कमी होतं, लाल प्रकाशाचं शोषण घटतं आणि ६८० ते ७५० नॅनोमीटरमधला परावर्तनाचा चढ, म्हणजे रेड एज, कमी तरंगलांबीकडे सरकतो. हे १९८० च्या सुमारासच नोंदवलं गेलं आहे.

खरी अडचण पुढे आहे. रूफस चॅनी या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये मांडलेली माती-वनस्पती अडथळ्याची कल्पना इथं लागू पडते. जस्त, तांबं, निकेल वाढलं तर खाणाऱ्याला धोका होण्याआधी पीकच करपतं. शिसं आणि क्रोमियम बहुतांशी मातीत किंवा मुळांत अडकतात. कॅडमियम मात्र पीक हिरवंगार असतानाच पानात चढतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची पालेभाज्यांतल्या कॅडमियमसाठीची मर्यादा ताज्या वजनावर किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे. बहुतेक पिकांच्या पानांवर परिणाम दिसू लागतो तो साधारण ५ ते ३० मिलिग्रॅमच्या पट्ट्यात, तोही कोरड्या वजनावर. पालकात पाणी ९२ टक्के धरलं, तर ०.२ म्हणजे कोरड्या वजनावर अवघे २.५ मिलिग्रॅम. म्हणजे भाजी मर्यादा ओलांडते तेव्हा रेड एज जागचा हललेलाही नसतो. त्यामुळे ‘नकाशात हिरवं, म्हणजे खायला सुरक्षित’ असं कुणी सांगत असेल तर त्याला तिथंच थांबवा.

नत्राबद्दल मात्र मी पूर्ण सहमत नाही. एका चित्रावरून फरक कळणार नाही हे खरं, पण सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं दर पाच दिवसांनी मिळतात. युरिया दिल्यावर नत्राचा पिवळेपणा एक-दोन आठवड्यांत ओसरतो आणि त्याचे डाग बांधाबांधाप्रमाणे बदलतात, कारण प्रत्येकाचा खताचा हात वेगळा. पाण्याबरोबर आलेला धातू बांध मानत नाही. जिथून नाल्याचं पाणी शेतात शिरतं तिथं डाग गडद, पुढे फिका, आणि तीन रब्बी हंगाम पीक बदललं तरी जागा तीच. खरिपात ढगांमुळे सलग चित्रं मिळत नाहीत.

या कसोटीला दोन गोष्टी चकवतात. सांडपाण्यातले क्षारही नेमके पाण्याच्याच वाटेनं जातात. आणि चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेनं भुईमूग, ऊस दरवर्षी त्याच जागी पिवळा पडतो. म्हणून धातूची तपासणी करण्याआधी प्रत्येक डागातल्या मातीचा सामू, विद्युतवाहकता (म्हणजे क्षारांचं प्रमाण) आणि डीटीपीए-लोह (म्हणजे पिकाला मिळू शकणारं लोह) बघा. या तिन्ही तपासण्या स्वस्त आहेत आणि निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

पिक्सेलचं गणित सरळ आहे. २० मीटरचा पिक्सेल म्हणजे ४०० चौरस मीटर, जवळजवळ चार गुंठे. पण शेत पिक्सेलच्या जाळीवर बेतून आखलेलं नसतं. एक तरी पिक्सेल पूर्ण आत पडण्याची खात्री हवी तर शेत किमान ४० बाय ४० मीटरचं, म्हणजे सोळा गुंठ्यांचं हवं, तेही त्याच्या बाजू जाळीला समांतर असतील तर. सॉफ्टवेअरमध्ये चित्र १० मीटरवर आणल्यानं नवी माहिती येत नाही. दोन गुंठ्यांच्या वाफ्यांना उपग्रह लावूच नये. तिथं ड्रोन चालेल, पण पाच पट्ट्यांच्या (तरंगलांबीच्या पाच भागांच्या) कॅमेऱ्यात रेड एजचा पट्टा एकच असतो. त्यावरून एनडीआरई हा हिरवेपणाचा निर्देशांक काढता येतो, चढाची जागा नाही.

सेंटिनेल-२ वर ती जागा काढायची अशी: ६६५ आणि ७८३ नॅनोमीटरच्या परावर्तनाची सरासरी घ्या, त्यातून ७०५ चं वजा करा, ७४० आणि ७०५ मधल्या फरकानं भागा, ३५ नं गुणा, ७०५ मिळवा. उदाहरणादाखल ०.०४, ०.१०, ०.३४, ०.४२ (क्रमानं ६६५, ७०५, ७४०, ७८३) घेतले तर उत्तर ७२४ येतं. ०.०६, ०.१४, ०.३१, ०.३६ घेतले तर ७१९.४, म्हणजे चढ कमी तरंगलांबीकडे सरकला. पण पीक विरळ असून मधून माती दिसत असेल तरी आकडा असाच घसरतो. म्हणून लागवडीची तारीख सारखी असलेल्या शेतांचीच तुलना करा आणि वाफे झाकले जाईपर्यंतची चित्रं बाजूला ठेवा.

मोकळ्या मातीचा उपयोग वेगळा. स्पेनमध्ये अझ्नालकोल्यार इथं २५ एप्रिल १९९८ रोजी खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि ग्वादियामार नदीकाठच्या हजारो हेक्टरवर गंधकयुक्त गाळ पसरला. साफसफाईनंतर उरलेला गाळ हायमॅप या विमानातल्या वर्णपटमापकानं शोधला गेला. ते जमलं, कारण पायराइटच्या (लोह-गंधकाच्या खनिजाच्या) गाळाला आणि त्यातून बनलेल्या लोह-संयुगांना स्वतःची खूण असते. पिकाखाली ती झाकली जाते. सांडपाण्यातल्या विरघळलेल्या कॅडमियमला अशी सोयच नाही, त्यामुळे ते यश जसंच्या तसं इकडे आणता येत नाही.

कुंड्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. साठ नमुने आणि दोन हजार पट्टे असतील तर काहीही जुळवता येतं. त्यात एकाच शेतातले नमुने गणिती मॉडेलला शिकवण्यातही आणि ते तपासण्यातही घेतले, की आकडा फुगतो. एक अख्खं शेत बाजूला काढून तपासा. शिवाय फक्त सामू आणि नाल्यापासूनचं अंतर यांवरून धातूचा अंदाज बांधून बघा. वर्णपटानं त्याहून चांगलं काही दिलं नाही, तर तसं स्पष्ट लिहा.

आता तुमचा निष्कर्ष. प्रयोगशाळेला पर्याय नाही, पण पाचशे हेक्टरमधून तीस नमुने कुठले उचलायचे हे प्रयोगशाळा सांगत नाही. नकाशा तिथं कामाला येतो. वीस नमुने संशयित डागांतून घ्या आणि दहा हिरव्यागार भागातून, शक्यतो नाल्याच्याच पाण्यावरचे. हे दहा वगळले तर वर सांगितलेलं लपलेलं कॅडमियम कधीच सापडणार नाही. पानं आधी नळाच्या, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं धुवा. धूळ राहिली तर शिसं हमखास जास्त येतं. पानाच्या नमुन्यात टायटॅनियमही मोजून घ्या, ते जास्त निघालं तर माती चिकटलेली आहे असं समजा. ६० ते ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, आणि वाळवण्याआधीचं वजन लिहून ठेवा. अहवाल कोरड्या वजनावर येतो आणि मर्यादा ताज्या वजनावर असते. ते एक वजन नसेल तर दोन्हींची तुलना करता येत नाही.