काळी पिशवी

बेळगावात टिळकवाडीला माझं मेडिकल आहे, २२ वर्षं झाली. आधी कंडोम न्यायला आलेला पोरगा क्रोसिन मागायचा, मग खोकल्याच्या गोळ्या, आणि दुकान रिकामं झालं की खालच्या मानेनं "ते एक द्या". आता कॉलेजची पोरं थेट फ्लेवर सांगतात, स्कॅन करतात, निघतात. बदललो नव्हतो तो मी. कालच्या पेपरात गुंडाळायचं, काळ्या पिशवीत घालायचं, तोंड बंद. (सॅनिटरी पॅडलाही तोच मान!)

मागच्या पावसाळ्यात खानापूरकडचा एकजण, डिग्रीच्या शेवटच्या वर्षाचा, शटर उघडायच्या आधीच उभा. "काका, काल तुमच्याकडनंच नेलेलं. फाटलं की हो." विचारलं तर पाकीट दातानं फोडलेलं, आणि मित्राच्या सल्ल्यानं वर खोबरेल तेल. तेलानं, व्हॅसलीननं लॅटेक्स, म्हणजे कंडोमचं रबर, मिनिटांत कमजोर होतं. वंगण लागलंच तर पाण्याचा बेस असलेलं जेल घ्यायचं. विकताना मी यातलं अक्षर बोललो नव्हतो.

त्याला मैत्रिणीसाठी ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी दिली. जितकी लवकर तितकी बरी. पण ती गोळी गर्भ टाळते, रोग नाही. एचआयव्हीची धास्ती असेल तर त्यावरही ७२ तासांतच सुरू करायची औषधं असतात, महिनाभर घ्यावी लागतात, सरकारी दवाखान्यात मिळतात. हे पोरांना सोडा, मोठ्यांनाही माहीत नसतं. सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी-सल्ला केंद्रात, तपासणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही. १०९७ या एड्स हेल्पलाईनवर फोन करून नुसतं विचारलं तरी चालतं.

निपाणीहून संकेश्वरकडे येताना कणगला लागतं. तिथं एचएलएलचा (जुनं नाव हिंदुस्थान लेटेक्स) सरकारी कारखाना आहे, कंडोम तयार होतात. म्हणजे माल आमच्याच जिल्ह्यात बनतो. वापरायचा कसा, ते मात्र पोरं मोबाईलवर भलत्याच व्हिडिओत बघून शिकतात. पाकिटातली चिठ्ठी इंग्रजीत, दवाखान्यातला फलक कन्नडमध्ये. १ नोव्हेंबरला मराठीसाठी काळ्या फिती लावून आपण फेरीला जातो, आणि या विषयावर घरात आपल्याला एक मराठी शब्द सुचत नाही.

कंडोम वापरूनही वर्षभरात १०० पैकी साधारण १३ जोडप्यांत दिवस जातात. दर वेळी नीट वापरला तर २. मधले ११ निव्वळ न सांगितल्याचे, असं माझं मत.

म्हणून मी एक चिठ्ठी लिहिली. तारीख बघा. पाकीट दाबल्यावर आत हवा जाणवली पाहिजे. पैशाच्या पाकिटात, बाईकच्या डिकीत महिनोन् महिने ठेवू नका, उष्णतेनं खराब होतं. कोपऱ्यातून हातानं फाडा. टोक चिमटीत धरून हवा काढा, मग उलगडत खाली न्या. उलटा लागला तर तोच फिरवून वापरू नका, नवीन घ्या. संबंधाच्या सुरुवातीपासून हवा, शेवटी आठवण झाली म्हणून नाही. आणि एकावर एक दोन कधीच नाही, घासून दोन्ही फाटतात.

बायकोनं अक्षर सुधारून दिलं. झेरॉक्स काढून प्रत्येक पाकिटाबरोबर देतो. पेपर आणि काळी पिशवी बंद केली.

परवा एक पोरगी चिठ्ठी परत घेऊन आली. दुकानात दोघं गिऱ्हाईक उभे होते, तिला फिकीर नव्हती. "काका, काम झाल्यावर लगेच, तळाशी धरून बाहेर काढायचं असतं. नाहीतर आतच राहतंय. ते लिहायचं राहिलं की तुमचं."

नवीन झेरॉक्स काढल्यात.