करडी पडलेली झालर काढू नका

मे महिना लागला की गावच्या ग्रुपवर तो निरोप हमखास येतो : 'जुन्या घराची बाहेरची फळी करडी पडली म्हणजे कुजली, बदलून टाका. बाकीच्या लाकडाला गॅरेजमधलं जळकं ऑइल पाजा, भेगा सिमेंटने बुजवा, वर ऑइलपेंटचे तीन हात द्या. दहा पावसाळे बघायला नको.' यंदा तो धाकट्या काकांनीच पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

करडी फळी म्हणजे कुजलेली फळी नव्हे. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर करडे तंतू उरतात. हा थर मिलिमीटरभरही नसतो. काचपेपरने चार हात मारा, खालून सागाचा रंग वर येतो. कुज ओळखायची ती टोच्याने. टोच्या रुतवून उचकटल्यावर लांब, चिवट ढलपी निघाली तर लाकूड चांगलं. आत भसकन गेला, किंवा आखूड भुसभुशीत तुकडे पडले, तर तेवढा भाग गेला. तेवढाच! आमच्या पडवीच्या सोळा फुटी झालरीतला, म्हणजे छपराच्या कडेच्या फळीतला, जेमतेम दीड फूट गेला होता, तोही गळक्या पन्हळीखालचा. सुताराने तिरका सांधा करून जुन्या सागाचाच तुकडा बसवला. अख्खी झालर उतरवून नवी घातली असती, तर गाभ्याचं लाकूड देऊन सालीलगतचं पांढरट लाकूड घरी आणलं असतं. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो, त्या पांढऱ्या भागात नाही.

'जळकं ऑइल आजोबांपासून चालत आलंय' हेही अर्धवट. कोकणात लाकडाला आणि होड्यांना लावायचे ते काजूच्या टरफलाचं तेल. ते अंगावर उडालं तर फोड येतात, म्हणून जपूनच लावावं लागतं. जळकं ऑइल म्हणजे वापरलेलं इंजिन ऑइल, त्याची जात वेगळी. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पण इंजिन ऑइल वाळतच नाही. त्यावर धूळ बसते आणि पुढे कुठलाच रंग धरत नाही. शिवाय वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूचे कण आणि जळक्या इंधनाचे अंश असतात. घातक कचऱ्याच्या 2016च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे, आणि आपण तो पागोळ्यांवाटे अंगणात, विहिरीकडे सोडणार. वाळवी काही दिवस बिचकते हे मान्य. जवसाचं तेल लावणार असाल तर हात पातळ द्या, आणि तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप पेट घेऊ शकतो.

सिमेंटबद्दल फार लिहायला नको. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंट जागचं हलत नाही. कडेला केसाएवढी फट पडते, पाणी आत जातं ते तिथेच राहतं.

ऑइलपेंट मात्र गुन्हेगार नाही, मारायची रीत चुकते. रत्नागिरीकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर मुक्काम करून राहिली की बुरशीचं फावतं. आपण फक्त समोरची बाजू चकचकीत करतो, मागची बाजू आणि कापलेली टोकं बिनरंगाचीच ठेवतो. ही टोकं नळ्यांच्या मोळीसारखी पाणी ओढतात आणि समोरचा जाड रंग ते सुकू देत नाही. म्हणून फळी खाली उतरवली असेल तेव्हाच टोकांना दोन हात जास्त द्या. जुना रंग खरवडताना पाणी मारून घासा. घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ती धूळ पोराबाळांच्या नाकात नको.

काका, मागच्या खिडकीवरची फळी काढायला सांगू नका. मी टोचून पाहिली, कडक आहे. वरच्या पन्हळीचा जोड सुटलाय आणि पाणी नेमकं तिच्यावर पडतंय. तो रविवारी बसवू, शिडी मी आणतो.