पिशवीत अठ्ठावीस घरं

भाचा सुट्टीला सांगलीत आलाय. सातवीतला. काल दुपारी गडी सोफ्यावर आडवा, मोबाइल उशीला टेकवलेला, स्क्रीनवर पंखवाला कुणीतरी योद्धा स्वतःपेक्षा लांब तलवारीनं राक्षसांचा फडशा पाडतोय. आणि आमचे साहेब दोन्ही हातांनी भडंग खातायत.

“अरे, खेळतंय कोण?”
“ऑटोवर टाकलंय मामा.”
“मग तू काय करतोस?”
“लेव्हल वाढली का बघतो.”

रात्रभर हे डोक्यातनं जाईना, म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे. घाईत असाल तर लाइक ठोकून पुढं व्हा.

मी रूनस्केपवाला. २००५ ला नववीत होतो आणि विश्रामबागेत एक नेट कॅफे होता. प्लायवूडचे कप्पे, तासाला वीस रुपये, आणि कॅफेवाले काका मशीनवर काहीही इन्स्टॉल करू द्यायचे नाहीत. रूनस्केपला ती भानगडच नव्हती. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या गोवर बंधूंनी २००१ मध्ये आणलेला, जगभरातल्या लोकांनी एकाच वेळी एकत्र खेळायचा हा खेळ ब्राउझरमध्येच चालायचा, फुकट, आणि कॅफेतल्या त्या रडतखडत नेटवरसुद्धा. माणसं ठोकळ्यांची, तोंडं सगळ्यांची सारखी. पण पहिल्याच आठवड्यात खेळातल्या लंब्रिज गावी गाईंच्या कुंपणात एक अनोळखी गडी आला, मला हजार नाणी आणि एक तलवार दिली आणि न बोलता चालू लागला. मी त्याच्या मागं पळत ‘थँक्यू सर’ टाइप करत होतो. सर! तो पलीकडं बारा वर्षांचाही असेल.

(सोंग घेऊन दुसऱ्याच नावानं वावरणं हे काय खूळ, असं आई म्हणायची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला ज्या गावात नाटक उभं केलं, त्या गावात हा प्रश्न विचारू नये, असं मला तेव्हा सुचलं नाही.)

त्या खेळात मी करायचो काय? मासे धरायचो. पोर्ट सरिमवरनं तीस नाणी मोजून बोटीनं करामजा बेटावर जायचं, धक्क्यावर उभं राहायचं आणि लॉबस्टर धरायचे. पाठीवरच्या पिशवीत घरं अठ्ठावीस. एकात पिंजरा, एकात परतीच्या भाड्याची नाणी, उरली सव्वीस. सव्वीस भरले की परत बोट, मग ड्रेनॉरच्या बँकेपर्यंत पायपीट, आणि पुन्हा पहिल्यापासून.

ऐकायला रटाळ वाटतं ना? होतंच रटाळ. पण एकदा क्लिक केलं की हात रिकामे, आणि आजूबाजूला तुमच्यासारखेच दहा-बारा रिकामे. न बोलून सांगता कुणाला? कुणीतरी “फिश लेव्हल्स?” विचारायचा, सगळे आपापले आकडे सांगायचे, मग थोडी शांतता. कृष्णेच्या घाटावर गळ टाकून बसलेली माणसं अर्धा तास गप्प राहून मधेच ऊसदराचा विषय काढतात, अगदी तसं. फिनलंडात हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो हे मला भूगोलाच्या पुस्तकानं नाही, त्या धक्क्यावर भेटलेल्या एका फिनिश पोरानं शिकवलं. मी त्याला हळद झाडाला लागत नाही, जमिनीखाली येते, हे सांगितलं. त्याला ते पटलं नव्हतं.

कुठल्याही कौशल्यात ९९ वी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि ९२ ला तुम्ही जेमतेम अर्ध्यावर असता. हा आकडा मला स्वतःच्या आधार नंबरपेक्षा पक्का पाठ आहे. माझी मासेमारी ७१ वर अडकली. दहावी आडवी आली.

त्याच फिनिश पोराला २००५ च्या जुलैत एकदा “उद्या भेटू” म्हणून उठलो आणि कृष्णा चढली. आम्ही गावभागातले. सामान माडीवर, माणसं मावशीकडं. मारुती चौकात पाणी, हरिपूरची हळदीची पेवं त्याच पुरात गेली. कॅफे सुरू व्हायला आणि माझ्या खिशात वीस रुपये यायला तीन आठवडे लागले. लॉगिन केलं तर मित्रांच्या यादीत त्याचं नाव हिरवं. “कुठं होतास?” मी लिहिलं, “पूर आला होता.” खेळात मोहिमेला क्वेस्ट म्हणतात. जरा वेळानं त्याचं उत्तर आलं: “कुठल्या क्वेस्टमध्ये?”

मी कप्प्यात एकटाच इतका हसलो की काका बघायला आले.

लोडशेडिंगचं तर वेगळंच प्रकरण. ड्रॅगन स्लेयर म्हणून एक क्वेस्ट होती, फुकट खेळणाऱ्यांसाठी सगळ्यांत मोठी. ती केल्याशिवाय रून नावाच्या धातूचं चिलखत अंगावर चढत नाही. नकाशाचे तीन तुकडे गोळा करायचे, फुटकी बोट विकत घेऊन दुरुस्त करायची, खास ढाल मिळवायची, आणि मग क्रँडॉर बेटावर एल्व्हार्ग नावाच्या ड्रॅगनसमोर उभं राहायचं. मी उभा राहिलो. त्याची ताकद निम्म्यावर आणली, पिशवीत नऊ लॉबस्टर शिल्लक, आणि लाइट गेली. त्या दिवशी यूपीएसनं एकदाच ‘टूं’ केलं आणि मान टाकली. आता गोम अशी, की तुमचं कनेक्शन तुटलं तरी लढाईत सापडलेला तुमचा माणूस तिथून लगेच गायब होत नाही. थोडा वेळ तसाच उभा राहतो. म्हणजे मी अंधारात काळ्या स्क्रीनकडं बघत बसलोय आणि तिकडं माझा ठोकळा निमूटपणे भाजून निघतोय. मेल्यावर सगळ्यांत महागाच्या तीन वस्तू सोडून बाकीचं जमिनीवर सांडायचं. काकांनी त्या तासाचे दहाच रुपये घेतले. सुतकाचे म्हणा.

आठवड्यानं पुन्हा गेलो आणि मारला त्याला. चिलखत घेतलं. महिन्याभरात एकजण आला, म्हणाला, तुझ्या चिलखताला फुकट सोनेरी किनार लावून देतो. मी दिलं. तो गेला. इंटरनेटवरची माझी पहिली फसवणूक ही, आणि अजून तरी सगळ्यांत महागाची. फिनिश पोरगा आधी पोटभर हसला, मग दोन संध्याकाळी माझ्याबरोबर कोळसा खणायला आला.

रॅग्नारॉकही खेळलो, पण पाहुण्यासारखा. मिरजेच्या मित्राकडं ब्रॉडबँड होतं आणि त्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोजला जायचा नाही. गजर लावून उठायचो. कोरियन खेळ, गोंडस चित्रं, पोरिंग नावाचे गुलाबी जेलीचे गोळे, तुमचं खाली पडलेलं सामान गिळून टाकणारे. मला त्यातली एकच गोष्ट भयंकर आवडायची: दमलात की खाली बसायचं. खरोखर, मांडी घालून. बसलं की ताकद लवकर भरून यायची. त्यामुळं प्रॉन्टेरा शहराच्या वेशीबाहेर पाराखाली बसावीत तशी माणसं गोल करून बसलेली, शेजारी मर्चंट लोक दुकानं मांडून, डोक्यावर भावाच्या पाट्या. आठवड्याचा बाजारच.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टबद्दल फार बोलत नाही, महिन्याचे पंधरा डॉलर आपल्या खिशाबाहेरचे. पुण्यात हॉस्टेलला रूममेटच्या अमेरिकेतल्या भावाच्या खात्यावर थोडंसं खेळलो. तेवढ्यात २००९ च्या डिसेंबरात त्यांनी पाच जणांची टोळी आपोआप जुळवून देणारी सोय आणली. आधी शहरात उभं राहून ओरडावं लागायचं, “बरं करणारा कुणी आहे का, बरं करणारा?” आता बटण दाबा, थांबा, पाच अनोळखी माणसं एका गुहेत. वीस मिनिटांत काम फत्ते, आणि एक शब्द न बोलता सगळे गायब. सोय उत्तम होती. मला मात्र तिथनं पुढं एकाचंही नाव आठवत नाही.

माझं भांडण एवढंच आहे. ज्याला हे कंपनीवाले ‘वाया जाणारा वेळ’ समजून कापत गेले, त्या चालण्यात, थांबण्यात, बोटीची वाट बघण्यात आमची सगळी ओळखपाळख झाली. आता रॅग्नारॉकच्याच मोबाइल आवृत्तीत ऑटो आहे. भाच्याला दोष देत नाही; त्याच्या खेळात थांबायला जागाच ठेवलेली नाही, तर तो बोलणार कधी? आणि खरं सांगायचं तर नोकरी, हप्ते आणि मुलीचा अभ्यास सांभाळून आज मला कुणी ऑटोचं बटण दिलं, तर मीही दाबीन बहुतेक.

२०१३ मध्ये रूनस्केपवाल्यांनी ऑगस्ट २००७ चा जुना बॅकअप काढून त्यावर तो जुना खेळ पुन्हा सुरू केला, आणि २०१८ पासून तो मोबाइलवरही आहे. जुनं नाव चाललं, पण माणूस लेव्हल ३ चा. ७१ वगैरे सगळं गेलं.

काल रात्री भाच्याला शेजारी बसवून दाखवला. ड्रेनॉरच्या काठावर उभं केलं, जाळं टाकायला लावलं.

“आता?”
“आता काही नाही. थांबायचं.”

पहिली कोळंबी शिजवताना जाळली त्यानं. चौथीला कंटाळला, फोन माझ्या हातात देऊन आपल्या पंखवाल्याकडं गेला. बाकीची मीच धरतोय. एक घर जाळ्याला गेलं, उरली सत्तावीस. एकवीस भरलीत. शेजारी कुणीतरी येऊन उभा राहिलाय, आणि “फिश लेव्हल?” म्हणून विचारतोय. आलोच.