माइकचं मीठ

जन्मभर बोटीवर नोकरी केलेल्या माणसाला आमच्या गोव्यात तारवटी म्हणतात. आमच्या शेजारी असे एक तारवटी आजोबा आहेत. मे महिन्यात त्यांच्या घराची शाकारणी निघाली आणि माळ्यावरून एक पोलादी पेटी खाली आली. पुढे काचेचा मीटर, शेजारी 23 आकड्यांची गोल चकती आणि सोबत दांड्यावर लॉलीपॉप बसवावा तसा चकचकीत टेबलमाइक. सीबी रेडिओचा, म्हणजे सामान्य माणसाने जवळपासच्यांशी बोलायच्या बिनतारी रेडिओचा, घरात ठेवायचा बेस स्टेशन संच! मी कुंपणाच्या अलीकडूनच ओळखला. आजोबा म्हणाले, "तुका जाय तर व्हर, ना तर भंगारांत वता."

'भंगार' हा शब्द ऐकला की माझ्यातला गोरक्षक जागा होतो. याच मार्गाने घरात आधी दोन टाइपरायटर आलेले आहेत.

आमच्या घरात भांडण कोकणीत होतं आणि निकाल मराठीत लागतो. "हें आनी कितें हाडलां?" पासून सुरू झालेली सुनावणी "चवथीच्या आत हे टेबल मला रिकामं हवं" इथे संपली.

संच अमेरिकेतला. तिथे 1977 पासून सीबीला 40 चॅनेल मिळाले. 23 च आहेत म्हणजे हा त्याआधीचा. 1973 च्या तेलटंचाईत तिथले ट्रकवाले डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठल्या पुलाखाली दबा धरून बसलेत, हे या रेडिओवरून एकमेकांना कळवायचे. आपल्याकडे हेच काम समोरून येणारा स्कूटरवाला हेडलाइट दोनदा मिचकावून फुकटात करतो. बरं, भारतात हा प्रकार चोरीचा राहिलेला नाही. 2005 मध्ये सरकारने 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा पाच वॅटपर्यंत परवान्यातून मोकळा केला, आणि माझे 23 च्या 23 चॅनेल त्यात बसतात. हे मी बायकोला दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा "टेबल" एवढंच म्हटलं.

संचाला हवेत 120 व्होल्ट, आपल्या भिंतीत 230. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. तरी पन्नास वर्षं झोपलेल्याला एकदम उठवू नये, म्हणून म्हापशाच्या मिस्त्रींनी सिरीज बल्ब लावायला सांगितलं. संचाच्या वाटेत शंभराचा बल्ब टाकायचा. मंद पेटला तर ठीक, लख्ख पेटला तर आत शॉर्ट. माझा असा पेटला की शेजारच्या आजोबांना वाटलं, लाइट आली.

"कंडेन्सर गेले," मिस्त्री म्हणाले. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, म्हणजे आतल्या वीज साठवणाऱ्या डब्या, वयोमानाने आतून सुकतात किंवा फुगून पाझरतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. सगळे बदलले. जुन्यांच्या बुडाला चिकट तपकिरी राळ जमली होती, काजूच्या बोंडूचा रस सांडून वाळावा तशी. एका रविवारी बल्ब मंद झाला, मीटरमागचा दिवा पिवळसर उजळला, आतले काचेच्या नळ्यांचे वॉल्व्ह निखाऱ्यासारखे धुगधुगले आणि स्पीकरमधून 'खर्रर्र' आलं. नव्या बाळाचं रडणंही मी इतक्या कौतुकाने ऐकलं नव्हतं. (हे वाक्य बायकोने वाचू नये.)

राहिला माइक. तो पूर्ण मुका. तोवर जून उजाडला होता, कपाटातल्या चपलांना मिशा फुटल्या होत्या. स्क्रू काढून जाळी उघडली तर आत ओलसर पांढरा लगदा. मिस्त्रींनी तो बोटावर घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "मीठ आहे हे."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण खरंच मीठ! क्रिस्टल माइकमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो. आवाजाने पडदा हलला की स्फटिक वाकतो, वाकला की त्यातून वीज निघते. फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या एका औषधवाल्याने सतराव्या शतकात हे मीठ बनवलं ते पोट साफ व्हायला. म्हणजे मी ज्याच्यासमोर "हॅलो, हॅलो" करत होतो तो मुळात जुलाब होता. आणि या मिठाचा एक मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. दमट हवा! गोव्यातल्या बार्देशात! जूनमध्ये!

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मीठ ओलं झालं तर त्यात तांदूळ घालतात," ती म्हणाली आणि मूठभर उकडे तांदूळ समोर ठेवले. मी ते माइकजवळ नेलेही होते, हे इथेच कबूल करतो.

शेवटी मिस्त्रींनी स्फटिकाच्या जागी वाटाण्याएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे आजकालचा चिमुकला माइक, बसवली, बुडात एक पेन्सिल सेल घातला. बाहेरून रुबाब तोच. अँटेनाची तार मापून पावणेतीन मीटर घेतली, नारळ काढायला आलेल्या पाडेल्याकडून माडाला बांधून घेतली. त्याने एका माडाची मजुरी लावली आणि नारळ एकही पाडला नाही.

आठ दिवस नुसती खरखर. एका संध्याकाळी मात्र कुठल्या तरी अनोळखी भाषेत कोणी तरी चिडून भांडत होतं. सूर्यावर डाग वाढले की या लहरी आकाशातल्या थरावर आपटून हजारो किलोमीटर दूर उतरतात म्हणे. पण माझ्या हाकेला काही कोणी ओ देईना.

श्रावणातल्या रविवारी पुन्हा बसलो. दोन घरं पलीकडे देवळात भजन चाललेलं. बटण दाबलं. "हॅलो, चॅनेल चौदा. माझा आवाज येतोय का?" खरखर. जरा खाकरून, मोठ्याने: "कोणी आहे का तिथे? आवाज येतोय का माझा?"

देवळातला मृदंग एकदम थांबला. त्यांच्या लाउडस्पीकरच्या लांबच लांब वायरींनी माझे चार वॅट आयतेच झेलले होते. पेटीवरच्या भटजींनी माइक ओढला आणि साऱ्या वाड्याला ऐकू गेलं:

"येतो रे बाबा, येतो! आता गजर तरी होऊ दे!"