‘एकच तर फील्ड आहे, लाइव्हवरच टाक ना!’

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला हे वाक्य ज्यांनी ज्यांनी उच्चारलंय, त्यांना एका खोलीत कोंडून सोमवार सकाळचे सगळे फोन उचलायला लावले पाहिजेत. एकच फील्ड म्हणे, म्हणजे फॉर्मवरचा एक रकाना! तोही लाइव्हवर, म्हणजे कंपनी रोज वापरते त्याच साइटवर! सेल्स इन्व्हॉइसवर! ज्या टेबलात अख्ख्या कंपनीची बिलं बसलीत, त्यालाच बिलिंग चालू असताना रचना बदलणारं ‘ऑल्टर टेबल’ मारायचं, आणि वर तोंड करून म्हणायचं एकच तर.

बोलतोय ईआरपीनेक्स्टबद्दल. कंपनीची बिलं आणि हिशेब सांभाळणारं, मुंबईत घडलेलं, ओपन सोर्स, चांगलं सॉफ्टवेअर आहे. घोळ त्याचा नाही, ते वापरणाऱ्यांच्या आळसाचा आहे. कस्टमाइज फॉर्म उघडा, माउसने फील्ड टाका, अपडेट दाबा, झालं. पण ते फील्ड गेलं कुठे? कुठल्याही फाइलीत नाही. त्या साइटच्या डेटाबेसमध्ये ‘कस्टम फील्ड’च्या टेबलात एक ओळ झाली. एखादं मूळ फील्ड लपवलं किंवा त्याचं लेबल बदललं की ‘प्रॉपर्टी सेटर’मध्ये आणखी एक. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला याचा पत्ताच नाही. मग डेव्हलपमेंटवर, म्हणजे आपल्या करून बघायच्या साइटवर, जे केलं ते लाइव्हवर आठवून आठवून पुन्हा करायचं. तिकडे नाव दिलं व्हेइकल_नंबर, इकडे घाईत व्हेइकल_नो. स्क्रिप्ट शोधतेय पहिलं, टेबलात आहे दुसरं, आणि प्रिंटवर गाडीचा नंबर का येत नाही म्हणून ड्रायव्हर गेटवर ताटकळतोय.

यावर फिक्स्चर्स नावाचा उपाय आहे (साइटवरच्या अशा नोंदी फाइलीत उतरवून कोडबरोबर न्यायच्या), आणि त्याचीही लोकांनी वाट लावून ठेवली आहे. आपल्या कोडमधल्या हुक्स नावाच्या सेटिंगच्या फाइलीत नुसतं ‘कस्टम फील्ड’ लिहून एक्सपोर्ट-फिक्स्चर्स चालवलं, की साइटवरची सगळीच्या सगळी कस्टम फील्डं तुमच्या अ‍ॅपच्या जेसन फाइलीत येऊन पडतात. इंडिया कम्प्लायन्स अ‍ॅपची जीएसटीची फील्डंसुद्धा! सहा महिन्यांनी ते अ‍ॅप अपग्रेड होतं, त्यांनी फील्ड सुधारलेलं असतं, आणि पुढच्या मायग्रेटला (नव्या कोडप्रमाणे डेटाबेस बदलणारी कमांड) तुमची शिळी जेसन ते परत जुनं करून ठेवते. फिल्टर लावा! मॉड्यूल आपलं असेल तेवढंच न्यायचं, एका ओळीचं काम आहे. आणि वर्कफ्लो, म्हणजे मंजुरीचे टप्पे, नेताना वर्कफ्लो स्टेट, वर्कफ्लो अ‍ॅक्शन मास्टर आणि रोल हे वेगळे डॉक्टाइप, म्हणजे नोंदींचे प्रकार, आहेत, तेही न्यायचे असतात. वरात पोचली आणि नवरा घरीच, असं किती वेळा करणार?

आणखी दोन गोष्टी कपाळावर गोंदवून घ्या. फिक्स्चर दर मायग्रेटला पुन्हा लागू होतं, म्हणजे अकाउंट्सवाल्यांनी लाइव्हवर परस्पर केलेला बदल पुसला जाणार. आणि फिक्स्चरमधून फील्ड काढलं म्हणून ते लाइव्हवरून निघत नाही. त्यासाठी पॅच, म्हणजे मायग्रेटमध्ये एकदाच चालणारा छोटा कोड, लिहावा लागतो. पॅचेस.टीएक्सटी या यादीतली ओळ एकदा चालली की पॅच लॉगमध्ये नोंदली जाते, पुन्हा चालत नाही. पॅचमधला कोड सुधारला पण ओळ तशीच ठेवली, तर लाइव्हवर ढिम्म काही होत नाही. मग ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे भजन सुरू.

चालणारच तुझ्याकडे! तुझी डेव्हलपमेंट साइट रिकामी आहे. डेटा, लिंक, सिलेक्ट, या प्रकारांची सगळी फील्डं खालच्या मारियाडीबी डेटाबेसात व्हारकॅर १४०, म्हणजे १४० अक्षरांपर्यंतचे कॉलम, असतात. यूटीएफ८एमबी४ या अक्षरांच्या एन्कोडिंगमध्ये एका अक्षराला ४ बाइट धरतात, म्हणजे एका फील्डला ५६० आणि वर लांबी नोंदवायचे २. एका ओळीची मर्यादा ६५,५३५ बाइट. असे कॉलम सव्वाशेही मावत नाहीत, आणि सेल्स इन्व्हॉइस मुळातच भरलेलं. त्यात खरी गंमत अशी की कस्टम फील्ड डिलीट केलं तरी टेबलातला कॉलम जात नाही. लाइव्हवर पाच वर्षांच्या ‘एकच तर’ फील्डांची भुतं तशीच लटकलेली असतात. तुझ्याकडे बिनबोभाट झालेलं मायग्रेट तिकडे ‘रो साइज टू लार्ज’, एरर १११८ देऊन आडवं पडतं. लांबलचक शेऱ्याला स्मॉल टेक्स्ट वापरलं असतं तर तो मजकूर ओळीबाहेर साठला असता. पण नाही, दिसेल तिथे डेटा.

म्हणून लाइव्हचा बॅकअप उतरवलेली स्टेजिंग, म्हणजे रंगीत तालमीची, साइट लागते. तीही नीट उभी करत नाहीत. आधी ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा शेड्युलर बंद, म्यूट_ईमेल्स १, मगच रिस्टोअर. उलट क्रमाने केलंत तर थकबाकीची पत्रं खऱ्या ग्राहकांना जातील. आणि म्यूट_ईमेल्सने फक्त ईमेल थांबतात. दुसऱ्या सिस्टिमला आपोआप निरोप धाडणारे वेबहुक आणि एसएमएस मोकाटच! साइट कॉन्फिगमधली एन्क्रिप्शन की स्टेजिंगवर नेऊच नका: साठवलेले पासवर्ड उलगडणार नाहीत, तेच बरं. (खऱ्या आपत्तीत रिस्टोअर करताना मात्र हीच की नसेल तर बोंबला.)

बरं, ते ‘एकच फील्ड’ मँडेटरी केलं का? केलं असणारच, साहेबांनी सांगितलं ना. आता वेबसाइटवरून एपीआयने, म्हणजे माणसाशिवाय थेट, येणारं प्रत्येक बिल नाकारलं जातंय, ऑटो रिपीटची ठरावीक काळाने आपोआप निघणारी बिलं बनत नाहीयेत, आणि त्यांच्या चुका एरर लॉगमध्ये मुकाट साचतायत. तो उघडतो कोण? आधी ऐच्छिक ठेवा, जुन्या नोंदी पॅचने भरा, बाहेरून येणारा डेटा सुधारा, मग सक्ती करा. दोन डिप्लॉय लागतात, म्हणजे लाइव्हवर दोनदा कोड चढवावा लागतो. लागू द्या की!

काही महाभाग तर थेट डेटाबेसवर एसक्यूएल अपडेट मारतात. त्याची नोंद ‘व्हर्जन’मध्ये, म्हणजे कुणी काय बदललं याच्या इतिहासात, पडत नाही. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग सक्तीचा आहे, ऑडिटरला काय सांगणार? ‘एकच तर ओळ होती’?

आणि सगळ्यात आवडतं वाक्य: ‘काही झालं तर रोलबॅक करू.’ कशाने, बाबा? ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे त्या फ्रॅपेच्या पॅचला उलटा पॅच नसतो. मारियाडीबीत ऑल्टर टेबल झालं की ते कमिट झालं, म्हणजे कायम झालं, मायग्रेट अर्ध्यात मेलं तर अर्धा बदललेला डेटाबेस हातात. गिट रिव्हर्टने कोड मागे जातो, टेबल नाही. उरतो फक्त शुक्रवारचा बॅकअप, तोही कुणी घेतला असेल तर. तो सोमवारी रिस्टोअर केला की शनिवारची बिलं सिस्टिममधून गायब, पण त्यांचे आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉइसचे नोंदणी क्रमांक, सरकारी पोर्टलवर नोंदलेले, माल रस्त्यात, आणि रद्द करायची २४ तासांची मुदत संपलेली. बिलांना क्रमाने नंबर देणाऱ्या नेमिंग सिरीजचा आकडाही मागे गेलेला, म्हणजे सोमवारच्या पहिल्या बिलाला शनिवारचाच नंबर मिळतो आणि पोर्टल ते डुप्लिकेट म्हणून परत फेकतं. आता बसा, शनिवारचं एकेक बिल त्याच नंबराने हाताने भरत.