‘दरवर्षी अडीचशे जागा’ ही थाप

परवा रात्री बहिणीने मला एक संदेश पाठवला आणि खाली एवढेच विचारले, ‘‘दादा, यात तथ्य आहे का?’’ भाच्याच्या क्रिकेट अकादमीतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून तो भाऊजींपर्यंत पोहोचला होता. त्याचा सारांश असा : आयपीएलला दरवर्षी 250 खेळाडू लागतात, वैभव सूर्यवंशी तेराव्या वर्षी कोट्यधीश झाला, सचिननेही क्रिकेटसाठी शाळा सोडली, तेव्हा मुलाला नववीतच शाळेतून काढा, दहावीला सतरा नंबरचा (बाहेरून परीक्षा देण्याचा) फॉर्म भरा आणि दिवसभर सराव करू द्या. भाचा यंदा नववीत आहे, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग पडले.

दहा संघ आणि प्रत्येकी जास्तीत जास्त 25 खेळाडू, हा गुणाकार बरोबर आहे; पण त्यांना ‘दरवर्षीच्या जागा’ म्हणणे म्हणजे लोकलच्या डब्यात बसलेली माणसे मोजून तेवढी आसने रिकामी आहेत असे सांगण्यासारखे आहे. शिवाय त्यांतल्या 80 जागांवर परदेशी खेळाडू असू शकतात. जवळजवळ सगळे संघ नव्याने बांधले गेले तो मोठा लिलाव नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दा येथे झाला. त्यासाठी 1,574 जणांनी नावे नोंदवली, त्यांत 1,165 भारतीय होते. विकले गेले 182, त्यांत भारतीय 120. म्हणजे भरपूर जागा खुल्या असलेल्या वर्षीही दहापैकी जवळजवळ नऊ भारतीयांना कोणी घेतले नाही, आणि ही काही नुकतीच बॅट हाती घेतलेली मुले नव्हती.

सूर्यवंशीला राजस्थानने 1 कोटी 10 लाखांना घेतले, हे खरेच आहे. मात्र त्याआधी, जानेवारी 2024 मध्ये, बाराव्या वर्षीच तो बिहारकडून रणजी सामना खेळला होता, हे संदेशात नाही. मुंबईचा फलंदाज अमोल मुझुमदारचे नावही अर्थातच नाही. रणजी पदार्पणात 260 धावा आणि प्रथम श्रेणीत एकूण 11,167 धावा करूनही त्याला भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही.

एक गोष्ट मान्य करतो, जरा नाइलाजानेच : आयपीएलशिवायही क्रिकेटमध्ये आता पैसा आहे. रणजीतल्या नवख्या खेळाडूला दिवसाला 40,000 रुपये मिळतात, म्हणजे चार दिवसांचे सात साखळी सामने खेळल्यास 11 लाख 20 हजार. परंतु ही रक्कम अकरांत असणाऱ्याची. राखीव खेळाडूला तिच्या निम्मीच मिळते. आणि मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ हे तिन्ही संघ मिळून एका वेळी मैदानात उतरतात ते 33 जण.

खरा संताप येतो तो शाळा सोडण्याच्या सल्ल्याचा. सचिनने शाळा सोडली नव्हती, बदलली होती : त्याचे प्रशिक्षक आचरेकर सरांच्या सांगण्यावरून तो वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेला, कारण तिथला क्रिकेट संघ मजबूत होता. 1988 मध्ये आझाद मैदानावर कांबळीबरोबर केलेली 664 धावांची भागीदारी हॅरिस शिल्डमधली, म्हणजे आंतरशालेय स्पर्धेतलीच होती, आणि त्या वेळी पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला पुढचा फलंदाज हाच मुझुमदार होता. मुंबईत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा खेळ दिसतो तो गाइल्स आणि हॅरिस शिल्डमध्ये, शाळेच्या संघातून. त्यामुळे या संदेशाचे ऐकणारा पालक मुलाची शाळा तर घालवतोच, वर शिडीची पहिली पायरीही स्वतःच्या हाताने काढून टाकतो. कुंबळे अभियंता झाला, द्रविड पदवीधर झाला, त्यामुळे त्यांचा खेळ काही बिघडला नाही.

भाचा पहाटे पावणेपाचला उठून, स्वतःपेक्षा जड वाटणारी किटबॅग पाठीवर घेऊन लोकलने मैदानावर जातो आणि संध्याकाळी एक पॅड पायात तसाच ठेवून सोफ्यावर झोपतो. त्याच्या मेहनतीवर मला शंका नाही. पुढच्या आठवड्यात हॅरिस शिल्डच्या संघाची निवड चाचणी आहे, आणि तिथे त्याला शाळेचे ओळखपत्र दाखवावे लागणार आहे, एवढे भाऊजींना कळवले आहे.